पटाचा डावा कोपरा

बुध., ७ जानेवारी

बाळाराम आला नाही. येणार नव्हताच, तरी चारच्या सुमारास पातेल्यात दोन कप पाणी पडलं. उरलेला चहा सहाला गरम करून प्यायलो. डोंबलाचा चहा.

रविवारचं लिहून ठेवतो, नाहीतर मीनल विचारील तेव्हा मी लेकीपुढे आपल्या बाजूने रंगवून सांगेन. तावला, आमचा फासे-सोंगट्यांचा खेळ, चालला होता. बाळारामला सहा-दोन पडले. सहाची सोंगटी त्याने कोपऱ्यातून वळवून सात घरं आणली आणि बरोब्बर माझ्या एकट्या सोंगटीवर ठेवली. मारली. मी म्हटलं, "बाळ्या, सात चाललास." म्हणाला, "सहा." मी म्हटलं, "सात." फासे सवयीने उचलून बसलो होतो, त्यामुळे दाखवायला काही नाही. मग माझ्या तोंडून गेलं, "असाच जिंकतोस होय रे नेहमी?" हसत म्हणालो होतो. निदान सुरुवात हसत केली होती.

"चोर बोलतंस मना? पाचवीपासून वलखतंस, आन चोर बोलतंस?"

चपला घातल्या, गेला. मीही जिना उतरलो नाही त्याच्यामागे.

पट टीपॉयवर तसाच आहे, अर्ध्या डावात. पट त्याचाच. गल्फला बंदरात क्रेन चालवायचा तेव्हा आणलेला. खेळ तिकडचा, तावला हे नावही तिकडचंच. पंधरा सोंगट्या त्याच्या, पंधरा माझ्या, दोन फासे. पटाच्या एका बाजूने जायचं, कोपऱ्यात वळायचं, आपल्या घरात आणून एकेक उचलायची. एकटी सापडली की मारायची. आजोळी सारीपाट खेळलेल्या माणसाला दोन दिवसांत जमतं. मला जमलं. माझी बायको रमा गेल्यावर त्याने मुद्दाम मानकोलीहून पट आणून इथे टेमघरला माझ्याकडे ठेवला. म्हणाला, माझ्या घरात पोरं सोंगट्या गिळतील. पोरं कसली, नातू कॉलेजात आहे त्याचा.

शुक्र., ९ जाने.

मागच्या गल्लीतले पॉवरलूम आज बंद. खटखट चालू असते तेव्हा वैताग येतो आणि बंद झाली की घर अंगावर येतं.

पुण्याहून मीनलचा फोन. रविवारचं सांगितलं. "बाबा, तुमचे सगळे डाव रेकॉर्ड होतात ना? बघा की मग."

होतात खरे. तिनेच दिलेला फोनचा स्टँड, तिच्याशी व्हिडिओवर बोलायला. आम्ही तो पटावर वाकवला. फाशांवरून सारखी हमरीतुमरी व्हायची, म्हटलं पुरावा असू दे. दर बुधवार, दर रविवार, वरून शूटिंग. आजवर एकही उघडून पाहिलेलं नाही. भांडायचो, चहा व्हायचा, संपायचं.

रविवारचं लावलं. वरून फक्त पट आणि चार हात दिसतात. सातच चाललाय. पण मला दिसून काय उपयोग? तो म्हणणार, तू बघितलंस, तुला जे पाहिजे ते दिसलं.

मीनल म्हणाली की एक सॉफ्टवेअर आहे, बॅकगॅमनचं शूटिंग दिलं की फासे, सोंगट्या आपले आपण ओळखून एकेक चाल लिहून काढतं. बॅकगॅमन म्हणजे आपला तावलाच. तिकडे बसून तिने ते माझ्या लॅपटॉपवर चढवून दिलं. शेवटी म्हणालीच, "त्यापेक्षा काकांना सरळ फोन करा ना."

मी का करू? मशीनने लिहून देऊ दे. तो कागद त्याच्या नाकासमोर धरतो.

रवि., ११ जाने.

आजचा रविवार मशीनच्या सेवेत.

आधी पटाचे चार कोपरे दाखवायचे. मग काळी सोंगटी कुठली, पांढरी कुठली. आमच्या पांढऱ्या आता पांढऱ्या राहिलेल्या नाहीत, लाकडासारख्या झाल्यात, मशीन त्या दिसल्या न दिसल्यासारखं करतं. माझं टक्कल मधेच पटावर येतं, तेवढ्यात अर्धा डाव गायब. आणि एके ठिकाणी हटूनच बसलं: पांढऱ्या सोंगट्या सोळा. सोळा कशा असतील? मान मोडेस्तोवर मोजल्या. सोळावी म्हणजे बाळारामने पटाच्या काठावर ठेवलेलं खारं बिस्कीट. हसू आलं. घरात एकट्याने मोठ्याने हसलं की किती विचित्र वाटतं ते आज कळलं.

मोठी अडचण फाशांची. मशीनच्या हिशेबी ज्याचे त्याने फासे टाकायचे, चाल संपली की ज्याचे त्याने उचलायचे. आमच्याकडे एकच जोडी. त्याचा हात पटावरून उठला की मी फासे उचलायचे, माझा उठला की त्याने. घाई असायची दोघांनाही. मशीनला कळेना डाव कुणाचा. त्याचे फासे माझ्या नावावर, माझे त्याच्या. कुठेतरी एक खूण करायची असते, ती मीनलने फोनवरून सांगितली तेव्हा गाडी रुळावर आली.

शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून जन्म काढला, पण असला हट्टी शिपाई पाहिला नव्हता.

बुध., १४ जाने. संक्रांत

तिळगुळाची पुडी आणून ठेवली होती. दोस्तीची पन्नाशी उलटली तरी दर संक्रांतीला तो "गोड बोल रं भटा" म्हणत यायचा. दुपारभर दाराकडे कान. वरच्या मजल्यावरची मुलं येऊन वड्या घेऊन गेली. मी त्याच्याकडे गेलो असतो तर? गेलो असतो. पण चुकला तो, आणि जायचं मी?

वाईट वाटतंय. लिहून टाकलं.

शनि., १७ जाने.

झालं! मशीन नेमकं त्या चालीवर थांबलं. पडद्यावर लाल पट्टी. फासे सहा आणि दोन, या फाशांवर ही चाल होत नाही, तपासा. सात घरं. माझंच खरं.

उठून दोन येरझाऱ्या घातल्या. कुणाला सांगू? मीनलला फोन लावला, ती मीटिंगमध्ये. शेजारचे दाते जिन्यात भेटले, त्यांना सांगायला गेलो तर म्हणाले, "काय हो, जुगार आहे का?"

बाळारामला लावला. वाजून वाजून बंद. परत लावला, मग त्याने कापला.

जिंकल्यावर निदान बरं वाटायला हवं होतं.

मंगळ., २० जाने.

बाकीची शूटिंगंही मशीनला घालत सुटलोय. कशासाठी म्हणाल तर आवाजासाठी. मशीनला आवाज लागत नाही, ते आपलं मुकाट्याने चाली लिहितं. मी ऐकत बसतो. मागे लूमची खटखट आणि त्यात आम्ही दोघं. "अरे टाक ना फासे, लग्न लावतोयस का त्यांचं?" हा मी. "थांब रं, देव आठवतंय." हा तो. मग बराच वेळ कुणीच बोलत नाही, फक्त सोंगट्या सरकतात. अशी शांतता आता मिळत नाही. आताची शांतता वेगळी आहे.

मशीन मधून मधून अडतं. गंमत अशी की नेहमी एकाच ठिकाणी, खिडकीकडच्या कोपऱ्यात. बाळाराम कॉटवर बसायचा, खिडकी त्याच्या डाव्या हाताला. जागा आम्ही कधी बदलल्या नाहीत. दुपारचा उजेड तिथे पडतो, त्याने मशीन फसत असणार. सोंगट्या वळतात तोच कोपरा. सोडून देतोय.

गुरु., २२ जाने.

उजेड नव्हे.

आज एकेक अडलेली जागा थांबवून, चष्मा पुसून, बोटाने घरं मोजून पाहिली. एकूणएक ठिकाणी मशीन बरोबर. कोपऱ्यातून वळताना बाळाराम एक घर जास्त चाललाय. तीन पडले, चार चालला. पाच पडले, सहा. आणि दरवेळी हात उठला रे उठला की मी गाढवासारखा फासे उचललेत. माझं लक्ष माझ्या पुढच्या चालीत.

म्हणजे एकदा नाही. कितीदा तरी.

डोकं फिरलंय. मी त्या दिवशी रागात म्हणालो ते उगाच म्हणालो असं इतके दिवस आतून वाटत होतं, म्हणून तर फोन केला ना त्याला! आणि हा गृहस्थ खरंच... रमाच्या आजारपणात डबे आणणारा हाच. ज्याने स्मशानात माझा हात सोडला नाही तोही हाच. पैशाची पैज नाही, काही नाही, आणि माझ्याशी लबाडी? नुसत्या चहावर?

जेवलो नाही. राग आला म्हणून नाही, जेवण केलंच नव्हतं.

रवि., २५ जाने.

जुनी, अगदी पहिल्या वर्षीची शूटिंगं घातली. स्वच्छ. एकही चाल अडत नाही. म्हणजे सुरुवातीला सरळ खेळायचा, नंतर बिघडला. गेल्या गणपतीपर्यंत ठीक. दिवाळीनंतर कोपऱ्यात चलाखी सुरू.

मला वाटतं, जिंकायची चटक लागली.

दोन्हीकडून एकट्यानेच खेळायला बसलो, दुसरा पट नाही म्हणून पुठ्ठ्यावर घरं आखली, बटणं मांडली. त्याच्या बाजूचे फासे टाकले आणि पुढे हातच चालेना. सगळं आवरून ठेवलं.

मंगळ., २७ जाने.

सुमनवहिनींचा फोन, बाळारामची बायको. "भावोजी, झालंय काय तुमच्यात? ह्ये कुणाशी बोलत न्हायत. जेवतान आन बसतान." मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्या म्हणाल्या, विचारलं, तर अंगावर आला. वर परवा स्कूटर ट्रेलरला घासली मानकोलीच्या नाक्यावर. आरसा गेला, कोपर सोललं. "ट्रेलरवाल्याला शिव्या घातल्या ह्यांनी, पन लोक सांगतान, ट्रेलर उभाच व्हता."

म्हटलं, काळजी घ्या. आणखी काय म्हणू? मनात आलं, तिथेही खोटंच बोलला असेल. मग लाज वाटली. पण मनात आलं हे खरं.

बुध., २८ जाने.

आत्ताच लिहून ठेवतो.

या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय आहे. सगळा डाव लिहून झाला की प्रत्येक चाल तपासून सांगतं, चांगली की वाईट. आज ठरवून बसलो, बाळ्याच्या घोडचुका बघू, तेवढीच करमणूक. घोडचुका भरपूर निघाल्या. पहिलीच उघडली. माझी सोंगटी एकटी, उघड्यावर. त्याला नेमके हवे ते फासे पडलेत. मारली असती तर डाव त्याचा होता. मारली नाही. दुसरीकडे कुठेतरी फालतू चाल केली.

पुढची उघडली. माझी एकटी, त्याला मारता येतेय, मारली नाही. त्याच्या पुढची, तेच.

सगळ्या खिडकीकडच्या कोपऱ्यात.

लबाडी करणारा माणूस एक घर चोरील. पण समोर वाढून ठेवलेली माझी सोंगटी तो कशाला सोडील? बाळ्या? एकटी सोंगटी दिसली की ज्याला उकळ्या फुटायच्या, तो? तो डाव तर तो हरलाही आहे. असे कितीतरी डाव तो हरलाय, आणि मी मिशीला पीळ देत बसलोय.

मग हात पाहिला. वरून हातच तर दिसतो. कोपऱ्याजवळ आला की त्याचा हात काठाला लागतो, बोटं पट्टीवरून पुढे पुढे येतात, सोंगटी लागली की थांबतात. पहिल्या वर्षीच्या शूटिंगमध्ये असं नाही. तिथे हात सरळ जातो, उचलतो, ठेवतो. आता चाचपडतो.

त्याला तिथलं शेवटचं घर दिसतच नाही. म्हणून मोजताना ते सुटतं, म्हणून एक घर जास्त. डावीकडचं त्याला दिसत नाही, आणि ते त्याला ठाऊक नाही.

उभा ट्रेलर. डावा आरसाच गेला असणार. वहिनींना विचारायला हवं होतं.

गुरु., २९ जाने.

सकाळपासून फोन. उचलत नाही. शेवटी वहिनींना लावला.

"आरसा कुठल्या बाजूचा गेला?"

"डावा. का वो?"

"आहे कुठे तो?"

"गोडाऊनवर गेलेत, गाडी घेऊन."

त्या रस्त्यावर एकामागे एक कंटेनर असतात, रिक्षावाले मधून घुसतात. म्हटलं, वहिनी, तो आला की किल्ली काढून ठेवा. का ते उद्या येऊन सांगतो. फोनवर सांगायची गोष्ट नाही. त्या म्हणाल्या, या.

संध्याकाळी मेसेज आला त्यांचा, आले घरी. तेव्हा चहा टाकला.

शुक्र., ३० जाने.

पट न्यायचा तर मिटायला हवा, मिटायचा तर डाव मोडायला हवा. तो रविवारचा डाव, सात घरांवर अडकलेला. मोडला. सोंगट्या पिशवीत भरल्या, रिक्षा धरली.

बाळाराम ओटीवर खुर्ची टाकून बसलेला. समोर पूर्वी त्याची भातखाचरं होती, आता गोदामांचे पत्रे. मला बघून मान फिरवली.

"पुरावा आणलास?"

"आणला. तू चोर नाहीस. माझं चुकलं."

हे वाक्य रिक्षात पाठ केलं होतं. नीट आलं. त्याचा चेहरा जरा सैल पडला, आणि तेवढ्यात मी पुढचं बोललो. "तुला डावीकडचं दिसत नाही, बाळ्या."

"आता आंधला बोलतंस?"

"अरे तसं नाही..."

"चोर झालो, आता आंधला. उद्या काय, मेला बोलशील?"

मी ऐकलं नाही. स्टुलावर पट उघडला, सोंगट्या मांडल्या. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हटलं, एवढं कर, मग हाकल मला. माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही. तुझ्या डाव्या कोपऱ्यात माझ्या सोंगट्या किती?

"तुझं नाक कशाला बघू मी?"

"बघ रे बाबा, फुकट आहे."

बघितलं. म्हणाला, "एकपन न्हाय."

दोन होत्या.

त्याने मान वळवली आणि त्या दोन सोंगट्या पाहिल्या. कितीतरी वेळ पाहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता ठेवल्यास तू. मी नाकाकडं बघत व्हतो तवा ठेवल्यास."

मी लबाडी केली म्हणाला. मी! पन्नास वर्षांच्या दोस्ताने! तोंडावर गरम पाणी फेकल्यासारखं झालं. आणि लगेच कळलं, त्या रविवारी त्याला काय झालं असेल.

वहिनी म्हणाल्या, "आवो, पयल्यापासून तितंच हायेत त्या. मी हितून बघतंय."

तो उठला. खुर्चीचा हात धरून, सावकाश. आत गेला, दार लोटलं. वहिनींनी कमरेला खोचलेली स्कूटरची किल्ली मला दाखवली आणि पदर पुढे ओढून तोंड फिरवलं. रडत असाव्यात. पट तिथेच ठेवून आलो, पटाचा मालक तो.

रवि., १ फेब्रु.

घरात आता पटही नाही. टीपॉयवर त्याच्याएवढा चौकोन उठलाय, बाकी धूळ. पुसली.

मीनलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, लवकर दाखवायला हवं. काही वेळा जे गेलं ते परत येत नाही, पण उरलेलं वाचतं." कल्याणच्या डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिच्या मैत्रिणीची आई जाते, नंबर दिला. मी फोन करून शुक्रवारची वेळ घेतली. कुणासाठी म्हणून विचारलं. बाळाराम पाटील. वय? माझ्याएवढंच. पेशंट येईल ना नक्की? म्हटलं, येईल.

काय अधिकार होता मला?

मंगळ., ३ फेब्रु.

फोन. हॅलो नाही, काही नाही.

"बायको चावी देत न्हाय. तू सांगितलंस."

"हो."

"नातवाच्या मागं बसून जातंय मी गोडाऊनला. लोक हसतान."

"हसू देत."

शिव्या घातल्या. अस्सल, मानकोलीच्या. मी ऐकत होतो. महिनाभरात कुणी माझ्याशी इतकं बोललं नव्हतं. मग थांबला. श्वास ऐकू येत होता त्याचा. मागे ट्रेलरचे हॉर्न.

"विन्या, सकाली दारात उभा ऱ्हायलो. येक डोला झाकला. मग दुसरा." परत हॉर्न. "डॉक्टर कवा बसतो?"

मी म्हटलं, "डॉक्टरीण आहे. शुक्रवारी अकरा. मी येतो न्यायला."

"तू कशाला? नातू हाय."

"मी येतो."

फोन ठेवला त्याने.

शुक्र., ६ फेब्रु.

कल्याण. रिक्षात तो उजवीकडे बसला, मी डावीकडे. न सांगता. रस्ताभर बोलला नाही, फक्त एकदा "तुझी ती मशीन काय काय लिवते रं?" मी सांगितलं, बिस्कीट सोंगटी म्हणून मोजलं ते. हसला नाही. नाकातून वारा सोडला, तेवढंच.

दवाखान्यात आधी डोळ्यात औषध, मग डोळ्यांतला दाब मोजला, मग बाई म्हणाल्या, फील्ड तपासू, म्हणजे नजर आजूबाजूला कुठवर पोचते ते. आत अंधारी खोली. पांढऱ्या घमेल्यासारखं यंत्र, त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा बांधायचा, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. नजर हलवायची नाही. बाळारामने ऐकून घेतलं आणि पडदा धरून उभा राहिला. "ह्याला बसू द्या हितं," म्हणाला. तपासणारी मुलगी म्हणाली, चालेल काका, पण बोलायचं नाही.

कोपऱ्यात स्टूल मिळालं. आधी उजवा डोळा. दर दिव्याला यंत्र घुर्र करतं, मग ह्याचं बटण, टक्. घुर्र, टक्. घुर्र, टक्. मधे एखादं चुकलं, तर मुलगी म्हणाली, सगळ्यांचे काही दिवे चुकतात, घाबरू नका. चांगला दाबत होता. क्रेनवरचा हात त्याचा. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग डावा.

घुर्र, टक्. घुर्र, टक्. घुर्र.

घुर्र.

घुर्र.

त्याची पाठ ताठ होती. बटणावरचा अंगठा तयार, वर उचललेला, वाट बघत. त्याला वाटत असणार, दिवा अजून लागायचाय. घुर्र. मी बोलायचं नव्हतं. मनात म्हणत राहिलो, दाब ना रे बाळ्या. दाब.